बिनतिकिटाच्या चाकांचा हिशोब

बसमध्ये चढलात की तिकीट फाटतं. लोकलला पास लागतो, रिक्षाचं मीटर पडतं, स्कूटरला पेट्रोल लागतं आणि गाडी घेतली की आरटीओच्या दफ्तरात नाव चढतं. शहरातला बहुतेक प्रवास कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर कुठेतरी नोंदला जातो. सायकलला यातलं काहीच नाही. तिकीट नाही, इंधन नाही, नंबरप्लेट नाही, विमा नाही. सकाळी कुलूप काढलं, टांग मारली आणि माणूस निघाला. महापालिकेच्या लेखी तो घराबाहेर पडलेलाच नसतो.

गंमत वाटते, पण परिणाम गमतीचे नाहीत. उड्डाणपुलाच्या प्रस्तावाला ‘या चौकातून रोज इतकी वाहनं जातात’ असं जोडपत्र लावता येतं. सायकलमार्गाच्या प्रस्तावाला काय लावणार? ‘बरेच लोक जातात हो’ या वाक्यावर कुठलीही स्थायी समिती पैसे देत नाही. म्हणून जगातली काही शहरं गेली पन्नासेक वर्षं या बिनआवाजाच्या, बिनपावतीच्या वाहनाला आकड्यात पकडायच्या मागे लागली आहेत. ते कसं पकडतात हे बघायला गेलं की आधी थोडं भौतिकशास्त्र लागतं आणि मग चांगलीच गुप्तहेरगिरी.

सुरुवात कोपनहेगनपासून करू, कारण तिथला हिशोब जुना आहे. शहराच्या मध्यभागात येणारी वाहनं तिथे 1970 पासून ठरावीक ठिकाणी मोजली जातात. सुरुवातीची पद्धत अगदी साधी: रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं, हातात कागद, गाडी गेली की एक खूण. 1970 सालचा आकडा आहे 3,51,133 मोटारी आणि 1,00,071 सायकली. म्हणजे साडेतीन मोटारींमागे एक सायकल. आज ज्या शहराकडे सायकलींची राजधानी म्हणून बोट दाखवलं जातं, ते तेव्हा मोटारींनीच भरलेलं होतं. मोजणी मात्र चालू राहिली. 2009 मध्ये नगरभवनाजवळ पहिलं इलेक्ट्रिक मोजणीयंत्र उभं राहिलं, पुढे त्यांची संख्या वाढत वीसपर्यंत गेली. आणि 2016 मध्ये दोन रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या: 2,52,600 मोटारी, 2,65,700 सायकली.

मला यात सायकलींच्या वाढीइतकंच अप्रूप त्या 1970 च्या आकड्याचं वाटतं. सायकलींना वाईट दिवस आले होते तेव्हा त्या मोजायची तसदी कुणीतरी घेतली, म्हणून शेहेचाळीस वर्षांनी ओलांडणी दिसली तरी. ती सुरुवातीची ओळ नसती, तर 2016 चा आकडा नुसताच मोठा दिसला असता. कशाच्या तुलनेत मोठा, हे सांगता आलं नसतं.

आता ते यंत्र काय करतं ते बघू. सायकलमार्गाच्या डांबरावर नीट पाहिलं तर कधी कधी बारीक कापलेल्या रेघा दिसतात, तिरप्या चौकोनाच्या आकाराच्या, वरून काळ्या लुकणाने बुजवलेल्या. त्या खाचेत तांब्याच्या तारेची वेटोळी पुरलेली असतात. वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह फिरत असतो आणि त्याभोवती एक अदृश्य चुंबकीय क्षेत्र उभं असतं. सायकलचं चाक वरून गेलं की त्या चाकाच्या धातूत भोवऱ्यांसारखे छोटे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्राच्या विरोधात जातं, आणि वेटोळ्यातल्या कंपनांचा वेग क्षणभर किंचित बदलतो. पेटीतला इलेक्ट्रॉनिक मेंदू तेवढाच बदल टिपतो. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं ते याच भोवरी प्रवाहांमुळे. फक्त तिथे ते पातेलं तापवण्याइतके जोरदार असतात, इथे नुसती चाहूल देण्याइतके.

मोटार गेली तर बदल मोठा आणि पसरट. सायकल गेली तर पाठोपाठ दोन छोटे उंचवटे, पुढचं चाक आणि मागचं. चालणारा माणूस गेला तर काहीच नाही, कारण त्याच्या अंगावर नाव घेण्यासारखा धातू नसतो. दोन वेटोळी मागेपुढे टाकली की आधी कुठलं जागं झालं यावरून दिशाही कळते. हे सगळं जमिनीखाली, बॅटरीवर, उन्हापावसात, वर्षानुवर्षं. ज्याला आठवडाभराचीच मोजणी हवी असते तो रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकतो. चाक नळीवरून गेलं की हवेचा दाब टोकाच्या पेटीत पोचतो. एका नळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला त्यावरून वेग, आणि वेगावरून दोन चाकांमधलं अंतर निघतं: मीटरभर असेल तर सायकल, अडीच मीटर असेल तर मोटार.

अर्थात यंत्र चाकं मोजतं, माणसं नाही. पुढच्या दांड्यावर पोरगं आणि मागे कॅरिअरवर बायको अशी आपल्याकडची घरंदाज सायकल गेली तरी यंत्र म्हणणार, एक.

मग प्रश्न येतो की यंत्र बसवायचं किती ठिकाणी? प्रत्येक रस्ता खणून तारा पुरणं कुठल्याच शहराला परवडत नाही. इथे संख्याशास्त्राची एक सुंदर युक्ती वापरली जाते. कायमच्या यंत्रापाशी वर्षभराचा पूर्ण आलेख हाती असतो: कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, कुठल्या तासाला किती. समजा त्यावरून असं दिसलं की सप्टेंबरातल्या मंगळवारी सकाळी आठ ते नऊमध्ये वर्षाच्या एकूण सायकलींपैकी दोन हजारावा हिस्सा जातो. मग त्याच तासाला दुसऱ्या, तशाच वळणाच्या रस्त्यावर एका विद्यार्थ्याला कागद-पेन देऊन उभं करायचं. त्याने दीडशे सायकली मोजल्या तर त्या रस्त्यावरून वर्षाला अंदाजे तीन लाख सायकली जातात. एका तासावरून वर्ष.

फक्त ‘तशाच वळणाचा’ हे शब्द महत्त्वाचे. कामावर जाणाऱ्यांच्या रस्त्याच्या आलेखाला दोन शिखरं असतात, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. हौशी लोकांच्या नदीकाठच्या वाटेवर रविवारी दिवसा एकच ऐसपैस फुगवटा येतो. जागेचं नाव न सांगता नुसता आलेख पुढे ठेवला तरी जाणकार माणूस सांगतो, ही पोटापाण्याची वाट आहे की हवापाण्याची.

कोपनहेगनने या आकड्यांचं पुढे काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून हे शहर दर दोन वर्षांनी सायकलचा ताळेबंद छापतं. त्यात किती सायकली धावल्या हे असतंच, पण लोकांना रस्त्यावर सुरक्षित वाटतं का, हेही विचारून छापलेलं असतं. सायकल का चालवता या प्रश्नाला बहुसंख्य लोक उत्तर देतात की लवकर पोचतो आणि सोपं पडतं. पर्यावरणासाठी म्हणणारे मूठभर निघतात. माझ्या मते सायकलप्रचाराच्या सगळ्या भित्तिपत्रकांपेक्षा हे एक उत्तर मोलाचं आहे. कारण त्याचा अर्थ असा की लोकांना उपदेश नको, वेळ वाचवून द्या. शहराने तेच केलं. नोरेब्रो भागातून मध्यभागाकडे येणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचे सिग्नल असे बांधून दिले की सकाळच्या गर्दीत ताशी 20 किलोमीटरच्या चालीने सायकल मारणाऱ्याला ओळीने हिरवेच दिवे लागावेत.

इथवर सायकल रस्त्यावर पकडली. पण खरी निसटते ती पुढे, रेल्वे स्थानकाच्या दारात.

मोजणीयंत्र सांगतं की इथून एक सायकल गेली. ती कुठून आली, कुठे निघाली, हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं: काल कुठे गेलात, कसे गेलात? आणि इथे एक जुनी खोड आडवी येते. माणूस घरातून सायकलने स्टेशनवर जातो, गाडीने चाळीस किलोमीटर जातो, उतरून चालत कचेरीत पोचतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यात रकाना एकच: मुख्य साधन. तिथे लिहिलं जातं, रेल्वे. सायकल गायब, चालणं गायब. आपल्या 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांना कामावर कसे जाता हे विचारलं होतं. सायकलने जाणारे सुमारे 13 टक्के निघाले, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच! पण तिथेही नोंदायचं साधन एकच होतं. स्टेशनपर्यंत सायकल मारून पुढे लोकल पकडणारा माणूस त्या तक्त्यात नुसता लोकलवाला आहे. म्हणजे रेल्वेला गिऱ्हाईक आणून देणारी सायकल रेल्वेच्याच आकड्याखाली गाडली गेली.

नेदरलँड्सच्या प्रवास सर्वेक्षणाने ही खोड मोडली. तिथे प्रवास आणि प्रवासाचे टप्पे वेगवेगळे लिहिले जातात. टप्पे सुटे केल्यावर जे चित्र समोर आलं ते थक्क करणारं होतं: रेल्वेच्या प्रवाशांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक घरून स्टेशनपर्यंत सायकलने येतात. आणि उतरल्यावर स्टेशनपासून कामाच्या जागेपर्यंत सायकल वापरणारे? जेमतेम दहा-पंधरा टक्के. माणूस तोच, पाय तेच, देशही सपाटच. फरक एवढाच की सायकल घराच्या बाजूला राहिली.

घरच्या बाजूचा तो चाळीस टक्क्यांचा आकडा इतका मोठा का, हे शाळेतल्या भूमितीने कळतं. दहा मिनिटं चाललं तर माणूस साधारण 830 मीटर जातो. तेवढ्याच वेळात, ताशी पंधराच्या निवांत चालीने, सायकल अडीच किलोमीटर जाते. अंतर तिप्पट. पण स्टेशन हे वर्तुळाचं केंद्र आहे आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून तिप्पट अंतराला क्षेत्र नऊपट. पायी दहा मिनिटांच्या आत राहणारे लोक सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटरात मावतात. सायकलने दहा मिनिटांच्या आत राहणारे जवळपास वीस चौरस किलोमीटरात. (रस्ते सरळ नसतात, नाले आणि रेल्वे रूळ आडवे येतात, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमी धरा.) एकही नवा रूळ न टाकता, एकही नवं स्टेशन न बांधता स्टेशनचा मुलूख नऊपट. इतक्या स्वस्तात इतकी रेल्वे मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही.

पण मुलूख वाढला की सायकली ठेवायच्या कुठे, हा प्रश्न दारातच उभा राहतो. त्याचं सगळ्यात भव्य उत्तर नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये आहे. साडेतीन लाखांचं हे शहर, पण देशातल्या रेल्वेमार्गांचा मधला सांधा. स्टेशनसमोरच्या चौकाखाली तीन मजली सायकलतळ बांधला. पहिला भाग 2017 मध्ये उघडला, आणि 2019 मध्ये पूर्ण झाला तेव्हा साडेबारा हजार सायकलींची जागा तयार होती. जगातला सगळ्यात मोठा. इथे सायकल हातात धरून ढकलत न्यावी लागत नाही, चालवतच आत शिरायचं. उतार, मजले, वळणं, सगळीकडे सायकल चालवायचा रस्ता आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दिव्याची पाटी सांगते की या गल्लीत किती जागा रिकाम्या आहेत. रॅक दुमजली, सायकल एकावर एक चढवून लावायची आणि जिन्याने थेट स्टेशनात. पहिले चोवीस तास फुकट.

त्या पाट्यांकडे पुन्हा पाहा. रिकामी जागा दाखवायची तर भरलेली जागा ठाऊक हवी. म्हणजे हा तळ आपोआप एक प्रचंड मोजणीयंत्र झाला आहे! रस्त्यावरच्या तारेच्या वेटोळ्याला न दिसणारी गोष्ट इथे दिसते: ही सायकल रेल्वेसाठी आली, इतक्या वाजता आली, इतक्या वेळाने गेली. आणि आलीच नाही परत, तर तेही कळतं. डच स्थानकांना बेवारस सायकलींचा मोठा ताप असतो. मालक गाव सोडून जातो, कुलपाची किल्ली हरवते, सायकल मात्र जागा अडवून बसते. ठरावीक दिवस उलटले की ती उचलून नेतात. मोजणी नसती तर तळ ‘भरला’ असं वाटून आणखी एक तळ बांधला गेला असता, बेवारस सायकलींसाठी.

ॲमस्टरडॅमने 2023 च्या सुरुवातीला याहून अचाट काम पुरं केलं. मुख्य स्थानकासमोर पाणी आहे. ते उपसलं, तळाशी सात हजार सायकलींचं तळघर बांधलं आणि पाणी पुन्हा वर सोडलं. तोक्योच्या कासाई स्थानकात तर सायकल हातानेही ठेवावी लागत नाही. 2008 पासून तिथे जमिनीखाली यांत्रिक विहिरी आहेत. दारात सायकल उभी करायची, सायकलवर चिकटवलेली खुणेची चिप ओळखून यंत्र ती आत ओढतं आणि अंधारात कुठल्याशा कप्प्यात नेऊन बसवतं. एका विहिरीत 180 सायकली, अशा 36 विहिरी. कार्ड टेकवलं की अर्ध्या मिनिटाच्या आत तुमचीच सायकल तोंड बाहेर काढते. बघायला जादू, पण माझं मत विचाराल तर उट्रेख्टचा साधा उतार आणि दुमजली रॅक शहाणपणाचा. विहीर बिघडली की 180 माणसं घरी चालत जाणार.

आता राहिली उतरल्यानंतरची बाजू, ती दहा-पंधरा टक्क्यांची. इथे दोन देशांनी दोन वाटा धरल्या. डेन्मार्क म्हणालं, सायकल गाडीत घेऊन या. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांमध्ये 1 जानेवारी 2010 पासून सायकल फुकट नेता येते. सोबत सायकल घेऊन जाणारे वर्षाला 21 लाख होते ते काही वर्षांत 90 लाखांवर गेले. त्यासाठी डब्यातली बाकं काढून जागा केली. तरीही ऐन गर्दीच्या वेळी शहरातल्या सगळ्यात भरगच्च, नोरेपोर्ट नावाच्या स्थानकावर सायकलसह चढ-उतार बंद ठेवावी लागली. कारण उघड आहे. एक सायकल दोन-तीन उभ्या माणसांची जागा घेते. आपल्या नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोतही सायकल सोबत नेता येते, आणि गाड्या मोकळ्या आहेत तोवर ती सोय फार छान आहे. सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये मात्र कुणी ही कल्पना बोलूनसुद्धा दाखवू नये.

डच लोकांनी दुसरी वाट घेतली. गर्दीच्या वेळी गाडीत सायकल नाहीच. त्याऐवजी उतराल तिथे दुसरी सायकल तयार. ओव्ही-फीट्स या नावाची ही निळी-पिवळी भाड्याची सायकल या शतकाच्या सुरुवातीला आली आणि 2008 पासून डच रेल्वेच चालवते. रेल्वेचं कार्ड टेकवायचं, सायकल घ्यायची, चोवीस तासांचं भाडं. चेन, सीट सगळं ठोकळेबाज. बऱ्याच सायकलींना ब्रेक लावायला पेडल उलटं मारावं लागतं, त्यामुळे नवखा पाहुणा पहिल्याच वळणावर गांगरतो. 2019 मध्ये या सायकलींच्या 53 लाख फेऱ्या झाल्या.

या योजनेची खरी चलाखी एका जाचक वाटणाऱ्या अटीत आहे: जिथून घेतली तिथेच परत आणा, नाहीतर जादा पैसे. पॅरिसच्या 2007 च्या वेलिब योजनेत अशी अट नव्हती; कुठल्याही स्टँडवरून घ्या, कुठल्याही स्टँडवर सोडा. मग काय झालं? लोक टेकडीवरून उतरताना सायकल घ्यायचे आणि चढताना मेट्रो. माँमार्त्रच्या चढावरचे स्टँड रिकामे, खालचे ओसंडलेले. सायकली ट्रकने वर चढवाव्या लागल्या आणि जो स्वतः वर नेऊन ठेवेल त्याला पंधरा मिनिटं जादा बक्षीस द्यायची पाळी आली. तिथल्या सायकलींच्या नोंदी बघून पॅरिसचा चढउतार नकाशाशिवाय काढता आला असता! डच पद्धतीत हा ताप नाही, कारण रेल्वेने आलेला माणूस संध्याकाळी त्याच स्टेशनवर परत येणारच असतो. आपल्याकडच्या जुन्या सायकल मार्टवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तासाच्या बोलीवर दिलेली सायकल त्याच्याच दुकानात परत यायची, म्हणून त्याचा धंदा एका वहीवर चालायचा. 2017-18 च्या सुमारास पुण्यात ॲपवरच्या सायकली आल्या, कुठेही सोडायच्या. त्या फुटपाथवर, झुडपांत, सोसायट्यांच्या आवारात विखुरल्या आणि बघता बघता काही कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

आपल्याकडे सेन्सर आणि दिव्यांच्या पाट्या येतील तेव्हा येतील. पण मुंबईच्या उपनगरी स्थानकांबाहेर आणि कितीतरी गावांच्या स्टेशनाजवळ सायकल स्टँड आजही आहेत. अर्धी चिठ्ठी हँडलला, अर्धी खिशात. चिठ्ठ्यांवर क्रमांक असतो, म्हणजे दिवसाची आवक ठेकेदाराच्या हातात तयारच असते. त्याला जोड म्हणून दोनच वेळा जाऊन सायकली मोजायच्या: एकदा भर दुपारी आणि एकदा शेवटची गाडी गेल्यानंतर. दुपारी उभ्या असतात त्या सकाळी घरून आलेल्या लोकांच्या, मालक कामाच्या गावी गेलेले. शेवटच्या गाडीनंतर उरतात त्या बहुतेक उलट्या बाजूच्या. त्यांचे मालक राहतात दुसऱ्या गावी, सकाळी इथे उतरतात आणि स्टेशनापासून कारखान्यापर्यंत किंवा कॉलेजपर्यंत ती सायकल मारतात. दोन्ही टप्प्यांचा हिशोब एका वहीत, एकाच स्टँडवर. मात्र रात्रीच्या सायकली मोजताना टॉर्च न्यायचा आणि चाकांच्या आऱ्यांकडे बघायचं. कोळ्याचं जाळं दिसलं तर ती सायकल तिसऱ्या रकान्यात.